वसई-साष्टींतील गरीब ख्रिस्ती गांवकी व तिचें दप्तर

वसईच्या किल्ल्यांतील पडक्या इगर्ज्या, त्यांतील पोर्तुगीज लेख व थडगीं यांजकडे इतिहासप्रेमी मंडळींचें लक्ष फार दिवसांपासून लागलेलें आहे. डॉ. गर्सन दा कुन्हा यांनीं इ. स. १८७६ मध्यें चौल व वसई येथील प्राचीन अवशेषांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून या अवशेषांचें वर्णन अनेकांनीं केलें. वसईच्या मोहिमेचें वृत्तहि, पेशवे दप्तरांतील निवडक कागद छापले गेल्यानें व कै. य. न. केळकर यांच्या ग्रंथामुळें, मराठी वाचकांस चांगलें परिचित झालें आहे. परंतु मोहीम जेथें संपली तेथेंच आमचें या विषयाचें ज्ञान बहुधा थांबतें. किल्ल्यांतील मठ ओस पडले; पण तटाबाहेर पापडी, सांडोर, रेमेदी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गांवीं इगर्ज्या आजहि नांदत्या आहेत. राजाश्रय गेला, यूरोपीय पाद्री गेले, उत्पन्नें सरकारजमा झालीं. असें असतां ही खेड्यांतील देवस्थानें कोणीं राखिलीं व कशाच्या बळावर राखिलीं, याचा खुलासा करण्याचा प्रयत्न या लेखांत केला आहे. त्या खुलाशाचीं साधनें कोणत्या जातीच्या कागदांत सांपडतात व ते कागद कसे वाचावे, हेंहि शेवटीं सांगावयाचें आहे. कारण संग्राहकांच्या दृष्टीनें विषयाचा तोच भाग महत्त्वाचा होय.

(१) प्रथम पूर्वपीठिका. गुजराथच्या बहादुरशहानें इ. स. १५३४ च्या डिसेंबरांतील तहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन वगैरे पंथांच्या पाद्र्यांनीं वसई, साष्टी व ठाणें या भागांत आपलीं ठाणीं बसविलीं. पोर्तुगीज सरकारनें गांवें आपल्या सरदारांस फोरो म्हणजे ठराविक धारा घेऊन दिलीं, व लष्करी चाकरीची अट त्यांजवर घातली. किल्ल्यांतले मठ व सरदारांचे वाडे जे उभे राहिले ते या उत्पन्नावर. खेड्यांतील कुळवाडी मात्र ख्रिस्ती झाला तरी कुळवाडीच राहिला. भाताची खारी शेती, बागाईत, ताडमाडाची झाडें, मीठ व मासळी यांवर त्याचा निर्वाह चाले. सबब त्या काळच्या ख्रिस्ती समाजाचे दोन थर वेगळे ओळखले पाहिजेत. एक तटाच्या आंतला, श्रीमंत व परदेशी. दुसरा तटाबाहेरचा, गरीब व येथलाच. पहिला इ. स. १७३९ मध्यें जहाजांत बसून गेला. दुसऱ्यास जाण्यास ठिकाण नव्हतें.

या धर्मांतराची हकीकत सौम्य करून सांगण्याचें कारण नाहीं. हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं, प्रकट धर्माचरणास बंदी झाली, आणि गोव्यास इ. स. १५६० मध्यें बसलेल्या धर्मन्यायसभेचा हात उत्तर कोंकणापर्यंत पोहोंचत असे. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांचा छळ व अणजूरच्या गंगाजी नाईक बंधूंची खटपट हीं प्रकरणें प्रसिद्धच आहेत. साष्टीच्या बखरींत त्यांचा निर्देश आहे. मराठी फौज साष्टींत उतरली ती या लोकांच्या बोलावण्यावरून. तथापि राज्यकर्त्यांच्या जुलमाचें माप त्यांच्या रयतेच्या पदरीं बांधणें न्यायाचें नव्हे. इ. स. १७३९ मध्यें जो ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाडींत उभा होता, त्याच्या पांच-सहा पिढ्या त्या धर्मांत गेल्या होत्या.

(२) साष्टी बेट इ. स. १७३७ मध्यें मराठ्यांच्या हातीं आलें व वसई ता. १६ मे १७३९ च्या शरणागतीच्या करारानें पडली. या करारांत शिबंदीस शस्त्रांसह वाजतगाजत बाहेर पडण्याची मुभा होती, आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस धर्माचरणाची मोकळीक देऊन कांहीं इगर्ज्या चालूं ठेवण्याचेंहि कबूल केलें होतें. किल्ल्यांतील इगर्ज्यांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून घाटावर नेण्यांत आल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, भीमाशंकर व वांईजवळील मेणवली येथें तशा घंटा आजहि पाहावयास मिळतात. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा सन आहे. घंटांचा मागोवा आमच्या मंडळींनीं हौसेनें घेतला आहे. ज्या गांवांच्या घंटा गेल्या त्या गांवांनीं पुढें काय केलें याचा मागोवा मात्र कोणी फारसा घेतलेला नाहीं.

नवीन अमलांत निर्मळच्या विमलेश्वराचें देवालय पुन्हां उभें राहिलें, वज्रेश्वरीचें देवालय चिमाजी आप्पांनीं बांधिलें, आणि कांहीं घराणीं शुद्धि करून घेऊन पूर्वधर्मांत परत गेलीं. उरलेल्यांपुढें प्रश्न होता तो पाद्र्याचा. यूरोपीय पंथांचे लोक निघून गेल्यावर गोव्याच्या आर्चबिशपांनीं गोमंतकीय पाद्री धाडण्याचा क्रम ठेविला. यूरोपीय लेखक त्यांस ‘कानारीं’ म्हणत, व त्या शब्दांत पुष्कळदां तुच्छता असे. पण वतनाची आशा नसलेल्या, परक्या सरकारच्या मुलुखांत, गरीब कुळांच्या दिलेल्या भातावर राहण्यास तयार झाले ते हेच लोक. फ्रेंच पंडित आंकेतीय द्युपेरों हा इ. स. १७६० च्या अखेरीस साष्टींतून गेला. ठाण्याच्या इगर्जींत चाललेला मोठा उत्सव व त्यास जमलेले हजारों ख्रिस्ती पाहून त्यास आश्चर्य वाटलें. पूजाविधि चालविणारे सर्व पाद्री एतद्देशीय होते. मराठ्यांचा अंमल बसून तेव्हां वीस वर्षें उलटलीं होतीं. वांद्र्याच्या डोंगरावरील माउलीचें देऊळ मोहिमेच्या धामधुमींत नष्ट झालें होतें, तें इ. स. १७६१ मध्यें पुन्हां बांधलें गेलें असें परंपरा सांगते. वांद्रें हें साष्टींतलें, व साष्टी इ. स. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेईपर्यंत मराठ्यांकडे होती. अर्थात् हें पुनरुज्जीवन पेशवाईंतलें होय, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

(३) आतां या गांवकीची रचना पाहूं. प्रत्येक इगर्जीचा व्यवहार मुख्यतः दोन संस्थांकडे असे. पहिली ‘फाब्रिक’. या शब्दाचा मूळ अर्थ बांधकाम. व्यवहारांत इगर्जीची इमारत, तिची जमीन, मेणबत्त्या-तेल, वस्त्रेंपात्रें व दुरुस्ती यांचा जो निधि त्यास फाब्रिक म्हणत. तिचे कारभारी गांवांतले प्रतिष्ठित लोक असत. दुसरी ‘कोंफ्रारी’ म्हणजे बंधुमंडळ. कोण्या एका संताच्या नांवें गांवांतील लोक एकत्र येत, वार्षिक वर्गणी देत, सणाच्या दिवशीं ठराविक रंगाचा झगा घालून मिरवणुकींत चालत. आणि सभासद मेला म्हणजे त्याचें प्रेत उचलणें, मेणबत्त्या लावणें, त्याच्या नांवें प्रार्थना करविणें हें सर्वांचें कर्तव्य असे. ज्याच्या घरीं कफनाची सोय नाहीं त्यासहि चार खांदेकरी मिळावेत, हा या संस्थेचा पाया होता.

या कल्पनेचें मूळ पोर्तुगालांतील ‘मिझेरिकोर्दिया’ या संस्थेंत आहे. ती लिस्बन येथें इ. स. १४९८ मध्यें निघाली व पोर्तुगीज जेथें गेले तेथें तिची शाखा निघाली. गोव्यास होती, वसईसहि होती. दयेचीं चौदा कर्में तिनें आपलीं मानिलीं होतीं. त्यांपैकीं सात शारीरिक. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, परक्यास आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची सोडवणूक व मृताचें दफन. उरलेलीं सात उपदेश, सांत्वन, क्षमा इत्यादि आत्मिक. किल्ल्यांतील श्रीमंत मिझेरिकोर्दिया किल्ल्याबरोबर बुडाली. खेड्यांतील कर्तव्यांस मात्र मोठें भांडवल लागत नव्हतें. अन्न, पाणी, आसरा व खांदा एवढें गरिबासहि देतां येतें. आमच्या मतें हीच गोष्ट टिकाव धरण्याचें मुख्य कारण आहे. जी संस्था देणगीवर उभी असते ती देणगीदार गेला म्हणजे संपते. जी माणसांच्या वांट्याच्या कामावर उभी असते ती माणसें आहेत तोंपर्यंत चालते.

इमारतीसंबंधींहि तेंच. कोंकणांत शिंपल्यांचा चुना भाजण्याची रीत जुनी, लांकूड व कौलें स्थानिक, आणि श्रम घरचे. राजाश्रयाच्या काळांतील दगडी कमानींची बरोबरी या देवळांस करतां आली नाहीं. अनेक ठिकाणीं जुन्या जाड भिंतींवर मागाहूनचें साधें छप्पर, जुन्या दर्शनी भागामागें नवा मांडव, असा प्रकार दिसतो. शिल्पकलेच्या अभ्यासकांस हें विजोड वाटतें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तो जोडच मुख्य पुरावा आहे. भिंत कोणत्या सत्तेची व छप्पर कोणत्या पिढीचें, हें त्यावरून सांगतां येतें.

तिसरा आधार वाङ्मयाचा. फ्रान्सिश्कु वाझ द गिमारांयश याचें ख्रिस्तपुराण इ. स. १६५९ मध्यें लिस्बन येथें रोमन लिपींत छापलें गेलें. स्टीफन्सच्या इ. स. १६१६ मधील पुराणाची प्रौढ मराठी यांत नाहीं. उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती लोकांची बोली आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईस याच्या आवृत्ति पुन्हां निघाल्या, यावरून त्याची मागणी किती होती हें उघड होतें. पाद्री दूर व ग्रंथ दुर्मिळ अशा समाजास तोंडपाठ येणारी ओवी हीच शाळा. स्टीफन्सच्या पुराणावर आमच्यांत पुष्कळ लेखन झालें. वाझच्या पुराणाच्या हस्तलिखित नकला व घरगुती वह्या शोधण्याचें काम अद्याप व्हावें तसें झालेलें नाहीं.

(४) शेजाऱ्यांशीं या गांवकीचा संबंध कसा होता? वसईंतील सामवेदी व वाडवळ या समाजांत हिंदु व ख्रिस्ती अशीं दोन्ही कुळें आहेत. बोली एक, शेतीची रीत एक, पुष्कळ लग्नविधि एक. पानमळे, केळी व फुलें यांचें बागाईत विहिरींवर चाले, आणि विहिरीवर रहाट असे. अशा मुलुखांत पाण्याचा, बांधाचा व वाटेचा व्यवहार शेजाऱ्याला सोडून करतांच येत नाहीं. वरच्या वाडीनें बांध फुटूं दिला तर खारें पाणी खालच्या वाडींत शिरतें. तें पाणी कोणाचा धर्म विचारीत नाहीं. निर्मळास विमलेश्वराचें देवालय व पवित्र क्रुसाची इगर्जी एकाच गांवांत आहेत. वांद्र्याच्या माउलीच्या सप्टेंबरांतील जत्रेस सर्व धर्मांचे लोक नवस फेडण्यास जातात. नवीन भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठीं इगर्जींत नेण्याचा सण ख्रिस्ती शेतकरी पाळतात. त्यांत व हिंदु शेजाऱ्यांच्या नव्याच्या पूजनांत भाव एकच आहे.

संकटकाळीं या गांवकीची परीक्षा झाली. इ. स. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला. मुंबई व साष्टींतील जुन्या गांवठाणांत त्या सुमाराचे क्रूस ठिकठिकाणीं उभे दिसतात. इगर्ज्या बंद, एकत्र जमणें धोक्याचें, अशा वेळीं लोक वाडींतील क्रुसापाशीं सायंकाळीं प्रार्थना करीत. क्रुसाच्या पायथ्यावर बहुधा साल व तो उभारणाऱ्या वाडीचें किंवा घराण्याचें नांव कोरलेलें असतें. रस्तारुंदींत यांतील कित्येक क्रूस हलविले वा पाडले गेले. ताम्रपटाइतकें मोल त्यांस कोणी देत नाहीं. परंतु सामान्य लोकांनीं स्वतः लिहविलेले लेख आम्हांस किती थोडे उपलब्ध आहेत हें पाहिलें म्हणजे त्यांचें महत्त्व कळतें.

दुसरें संकट कर्जाचें. बागाईतदारास पीक हातीं येईपर्यंत पैसा लागतो, आणि सावकाराच्या व्याजांत वाडी जाण्यास वेळ लागत नाहीं. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा इ. स. १९०४ मध्यें झाला. मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें इ. स. १९१८ मध्यें वसईस कॅथलिक पतसंस्था निघाली. तीच पुढें बँक झाली. कोंफ्रारीच्या वर्गणीची संवय ज्या समाजास पिढ्यान् पिढ्या होती, त्यास पतपेढीची कल्पना परकी वाटली नसावी असें आम्हांस वाटतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस वसईची शेतजमीन व विहिरींचें पाणी शहरवाढीच्या तडाख्यांत सांपडलें, तेव्हां हरित वसईच्या चळवळींत पाद्री फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागें हिंदु व ख्रिस्ती शेतकरी एकत्र उभे राहिले. इ. स. २०२० मधील उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते व २०२४ मध्यें ते निवर्तले. या चळवळीचें बीज कोणत्याहि परकी विचारांत शोधण्याची जरूर नाहीं. बांध व विहीर सामायिक असणाऱ्या गांवकीचा तो स्वाभाविक विस्तार होय.

(५) आतां दप्तराकडे वळूं. ट्रेंटची धर्मसभा इ. स. १५६३ मध्यें संपली, तिनें विवाहनोंदी बंधनकारक केल्या, पुढें इ. स. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें प्रत्येक धर्मग्रामास पांच वह्या ठेवण्यास सांगितलें. त्या अशा : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु व ‘आत्म्यांची स्थिति’. ही पांचवी वही म्हणजे घरवार गणती. कोणत्या घरीं किती माणसें, कोण विधवा, कोण परगांवीं, हें तींत लिहीत. यांशिवाय फाब्रिकेचे व कोंफ्रारीचे जमाखर्च वेगळे. भाषा बहुधा पोर्तुगीज असली तरी तींत मराठी शब्द शिरलेले असतात. ‘बाते’ म्हणजे भात, ‘मुरा’ म्हणजे मुडा. ज्यास मोडी कागद वाचण्याची संवय आहे त्यास हे शब्द ओळखण्यास अडचण पडूं नये.

वाचतांना दोन गोष्टींची सावधगिरी ठेवावी. पहिली, आडनांवें. लोपीश, परेरा, रुद्रीग हीं नांवें पाहून पोर्तुगीज वंशाची कल्पना करूं नये. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें नांव घेण्याची चाल होती. कूळ ओळखावयाचें तें वाडीच्या व गांवाच्या नांवावरून. दुसरी, दफनाचे शेरे. पोर्तुगीज पद्धतीच्या मृत्युवहींत कांहीं नांवांपुढें ‘पोब्र’ म्हणजे गरीब असा शब्द किंवा ‘पेलु आमोर द देउश’ म्हणजे ‘देवाच्या प्रेमास्तव’ असे शब्द आढळतात. त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, कीं दफनाची फी घेतली नाहीं. या शेऱ्यांची वर्षवार मोजणी केली तर दुष्काळ व सांथी यांचा आलेख आपोआप तयार होतो. आणि गांवानें आपल्या गरिबांचा भार किती उचलला याचेंहि माप मिळतें. सनदांत व बखरींत हें माप कोठेंहि नाहीं.

हे कागद एके ठिकाणीं कां नाहींत, याचें कारण अधिकाराच्या फेरबदलांत आहे. प्रथम गोव्याची आर्चबिशपी, इ. स. १८८६ मध्यें दमणची बिशपी निघाली ती, इ. स. १९२८ मध्यें ती मोडून हा भाग मुंबईकडे आला, आणि इ. स. १९९८ मध्यें वसईची स्वतंत्र बिशपी झाली. त्यामुळें एकाच गांवचा पत्रव्यवहार गोव्यास, मुंबईस व खुद्द गांवीं असा विभागलेला असणार हें गृहीत धरून शोध करावा. मराठी अमलासंबंधीं मोडी कागद पुण्याच्या दप्तरखान्यांत पाहावे, व दोन्ही बाजू ताडून घ्याव्या. एकीकडे सरकारी वसूल, दुसरीकडे इगर्जीचा जमाखर्च, असे एकाच सालचे दोन कागद समोर ठेवल्याशिवाय पेशवाईंतील ख्रिस्ती रयतेची खरी स्थिति कळणार नाहीं. केवळ तहाच्या कलमांवरून सहिष्णुतेचा निकाल देणें, किंवा केवळ पोर्तुगीज तक्रारींवरून जुलमाचा निकाल देणें, हे दोन्ही प्रकार सारखेच उतावीळपणाचे होत.

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंति. जुन्या वहीचें सुटें पान बाजारांत आलें तर त्याचा मोह होणें साहजिक आहे. पण धर्मग्रामाच्या नोंदवहीचें पान ताम्रपटासारखें एकटें बोलत नाहीं. मागचीं-पुढचीं पानें गेलीं कीं त्यावरील नांव निराधार होतें. शिवाय या वह्या निव्वळ पुराणवस्तु नव्हेत. गांवठाणांतील जमिनीचा हक्क, वारसा, वय यांचा पुरावा म्हणून कित्येक घराणीं आजहि त्यांचा आधार घेतात. फाटलेलें पान म्हणजे एखाद्या गरीब कुटुंबाची बुडालेली हद्दखूण असूं शकते. म्हणून वही जेथें आहे तेथेंच राहूं द्यावी, तेथील पाद्र्यांच्या व गांवकऱ्यांच्या संमतीनें तिची प्रतिमा घ्यावी, यादी करावी व यादीची एक प्रत गांवीं ठेवावी. वाळवी, कोंकणची दमट हवा व शाईचा आम्ल गुण यांचें काम अखंड चालूच आहे. ज्या लोकांनीं आश्रयावांचून आपलें देऊळ अडीचशेंहून अधिक वर्षें राखिलें, त्यांचें दप्तर राखण्यास आपण हात लावला तर मराठ्यांच्या इतिहासांतील रयतेचें एक विसरलेलें प्रकरण पुरें करतां येईल.